कोट मास्तरांचा, कंबर बायकोची

ऑफिसातली सगळी पोरं त्यांना काकू म्हणत, आणि काकूंना ते आवडायचं. मुलं मार्गी लागल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि ज्या वयात लोक गुडघ्यांच्या गप्पा मारतात, त्या वयात वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात चिकटल्या. बॉस त्यांच्या भाचीच्या वयाची, चटपटीत. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काकू, टेलरमास्तरांच्या वेबसाइटचं काम तुमचं. त्यांनी पसंत केलं की नोकरी पक्की."

काम ऐकायला सोपं. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पहिल्या पानावर नाव नि मापं भरायची, दुसऱ्यावर कापड निवडायचं, तिसऱ्यावर सगळं एकत्र बघून ऑर्डर द्यायची. पण वेबसाइटचं पान म्हणजे पक्कं विसरभोळं! दुसरं उघडलं की पहिल्यावर काय लिहिलं होतं याचा त्याला पत्ताच नसतो. माहिती इकडून तिकडे पोचवायची ती आपणच. काकूंनी आधी ती वर वेबसाइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीत जोडून पाठवली. चाललं झकास. पण बॉसने पट्टीकडे बोट दाखवलं. "काकू, कुणी मैत्रिणीला लिंक पाठवली की कंबरेचा घेरही जाईल की हो सोबत!" काकूंनी जीभ चावली आणि ते काढून टाकलं.

मग ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर वेबसाइट चालते, त्यावर त्यांनी एक खण केला. आधीच्या पानांनी माहिती त्यात टाकायची, तिसऱ्याने काढून घ्यायची. काकूंनी उलटसुलट तपासलं, एकदाही चुकलं नाही. घरी नवऱ्याला म्हणाल्या, "झालं हो, जिंकलं मी!"

मास्तर आले ते बायकोला घेऊन. मास्तरांचं पोट त्यांच्या आधी दारातून आत येई, बायको मात्र काडीसारखी. दोघांनी आपापल्या मोबाइलवर एकदमच मापं भरली. तिसरं पान उघडलं आणि मास्तरांचे डोळे विस्फारले. नाव बायकोचं, कंबर बायकोची, आणि कापड तेवढं त्यांनी स्वतः निवडलेलं, कोटाचं.

"अहो, एवढीशी कंबर तुमची लग्नातसुद्धा नव्हती!" बायको हसून हसून बेजार झाली. मास्तर हसले नाहीत. "असा कोट शिवला तर गिऱ्हाईक मलाच शिवून ठेवील," म्हणत ते जायला उठले.

काकूंना चूक जागच्या जागी कळली. घरात सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खुंटीला अडकवायची सवय, तेच त्यांनी इथे केलं होतं. साऱ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच खण! जो शेवटी टाकेल त्याचं उरणार. तपासताना त्या एकट्याच असायच्या, मग घोळ दिसणार कसा?

"चूक माझी आहे, मास्तर. उद्या पुन्हा या. दोघंच नका येऊ, अख्खं दुकान घेऊन या."

बॉसने कपाळाला हात लावला.

मग काकू जागच्या हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला वेबसाइटने गुपचूप एक वेगळा नंबर द्यायचा, तो त्याच्या मोबाइलमध्ये राहायचा, आणि त्या नंबराचा खण फक्त त्याचा, असं सगळं नव्याने बांधलं. चहा गार झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी खरंच अख्खं दुकान आलं. कटर, इस्त्रीवाला, काजं-बटणं करणाऱ्या बाई, शिवाय मास्तरांच्या सासूबाई. मास्तर "हं!" म्हणाले आणि मापं भरून बसलेल्या सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. काकूंनी डोळेच मिटून घेतले.

"माझं मलाच आलं!" सासूबाई ओरडल्या. "माझंही!" कटर म्हणाला. मास्तरांना त्यांचं पोट सहीसलामत परत मिळालं. ते बघून त्यांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नसेल. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"आता तुम्ही भरा," मास्तर म्हणाले.

काकूंनी स्वतःची मापं भरली, कोटाचं कापड निवडलं आणि तिसरं पान पुढे धरलं. मास्तरांनी ते वाचलं, नकारार्थी मान हलवली आणि गळ्यातली टेप काढली.

"आता काय चुकलं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"वेबसाइट बरोबर आहे हो. खांदा तुम्ही कमी लिहिलाय. नोकरी पक्की झाल्यावर पहिल्याच दिवशी आवळणारा कोट घालून येणार का?"

काकू उभ्या राहिल्या. हसू असं फुटत होतं की खांदे हलायचे थांबेनात, आणि मास्तर टेप धरून ओरडत होते, "हलू नका, काकू, हलू नका!"