पासष्ट इंचांतही न दिसलेला पाय

माझ्या एका पेशंटचा मुलगा, नितीन परब, त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्यासमोर एक बाई भिंगातून औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न करत होत्या. आधीचे दोन कॉल मी कट केले होते. पुन्हा वाजला तेव्हा वाटलं, त्याच्या घरी काहीतरी झालं असेल. बाईंची माफी मागून फोन घेतला. काही झालं नव्हतं. नितीन कल्याणच्या एका शोरूममध्ये टीव्हींनी भरलेल्या भिंतीसमोर उभा होता.

"मॅडम, पंचावन्न की पासष्ट?"

मी पेशंट बघतेय, असं सांगितलं. त्यावर त्याने फोन सरळ सेल्समनच्या हातात दिला. सेल्समनने मला समजावलं की ह्या पॅनलमध्ये आय-केअर आहे, डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी बेस्ट. मी पंचवीसेक वर्षं डोळ्यांचंच काम करते. टीव्हीच्या पॅनलने सुधारलेला डोळा अजून माझ्याकडे आलेला नाही. पण हे त्याला सांगून काय उपयोग? मी नितीनला परत फोनवर बोलावलं आणि म्हटलं, इंच राहू दे, काकांची खुर्ची पुढे घ्या, एवढंच मी सांगितलंय. तो म्हणाला, ते तर करूच मॅडम, पण साइज कुठला घेऊ?

मी फोन ठेवला. त्या बाई तोपर्यंत भिंग पर्समध्ये टाकून निघायच्या तयारीत होत्या.

माझं काम थोडक्यात सांगते. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी. ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही. ठाण्याला नौपाड्यात माझं लो व्हिजन क्लिनिक आहे. डॉक्टरांचे उपाय संपले आणि चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडेनासा झाला, की पेशंट माझ्याकडे येतो. उरलेल्या नजरेत रोजची कामं कशी करायची, ते मी शिकवते. 'उरलेली' हा शब्द कुणालाच आवडत नाही. नातेवाइकांना तर मुळीच नाही. त्यांना दुकानात जाऊन विकत घेता येईल असं काहीतरी हवं असतं.

नितीनचे वडील दत्ताराम परब, सत्तरी ओलांडलेले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर डोंबिवली पूर्वेला मुलगा आणि सून स्नेहा यांच्याबरोबर राहत होते. पोटापाण्याला फिटरचं काम, पण लोक ओळखायचे ते कबड्डीचा पंच म्हणून. शनिवार-रविवार शिट्टी गळ्यात अडकवून कुठल्या ना कुठल्या गावच्या मैदानावर.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध एक लहानसा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्याच्या जिवावर. काकांच्या दोन्ही डोळ्यांत तोच भाग वयोमानाने खराब झाला होता. असा माणूस पूर्ण आंधळा होत नाही. घरात फिरतो, जिना उतरतो, कडेचं त्याला बऱ्यापैकी दिसतं. पण जिथे नेमकं बघायला जावं तिथेच धुरकट डाग येतो.

पहिल्या व्हिजिटला काकांनी मला सांगितलं की डोळे ठीक आहेत, टीव्ही बिघडलाय. घरचा बत्तीस इंची जुना झाला, त्यात माणसं पुसट दिसतात. नितीनला हे एकदम पटलं. कारण टीव्ही बदलता येतो.

स्नेहाने बाहेर बेंचवर बसून मला खरी गोष्ट सांगितली. टीव्हीवर कबड्डीची मॅच लागली की काका हॉलमध्ये बसून निकाल द्यायचे. टीव्हीवरच्या पंचाची चूक झाली की घरात तासभर चर्चा चालायची. गेल्या काही महिन्यांपासून मॅच लागली की ते आत जाऊन पडायचे. जेवायला बोलावलं तरच बाहेर यायचे. नितीन रोज ऑफिसातून आला की आधी आतल्या खोलीत डोकावायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा.

मी नितीनला आणि काकांना समोर बसवून हिशेब समजावला. वस्तू मोठी दिसायला हवी असेल तर दोनच मार्ग आहेत. वस्तू मोठी घ्या, नाहीतर जवळ जा. अंतर निम्मं केलं की चित्र दुप्पट मोठं दिसतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. टीव्ही जवळून बघितल्याने ह्या आजारात काही बिघडत नाही. फोर-के म्हणजे पडद्यावर जास्त बारीक ठिपके. काकांना साध्या टीव्हीचेच ठिपके दिसत नाहीत, आणखी बारीक ठिपके घेऊन ते काय करणार? त्यांना हवा भरपूर उजेड, गडद रंग आणि मागून पडणारी चमक बंद.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, टीव्हीला नाक लावून बसायला मी काय लहान पोर आहे का?

नितीनने ह्या सगळ्यातलं एकच वाक्य उचललं. वस्तू मोठी घ्या.

त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी डोकं दुखतं. त्याने लॅपटॉपवर तक्ता बनवला. ब्रँड, साइज, रिफ्रेश रेट, वॉरंटी, एक्सचेंजला किती कमी होतील. बजेट चाळीस हजार, कारण घराचे हप्ते चालू. रोज सकाळी मला एक व्हिडिओ यायचा, कुणीतरी तरुण मुलगा हिंदीत टीव्ही उघडून दाखवतोय असा. खाली प्रश्न. मॅक्युलासाठी कुठला पॅनल चांगला? ब्लू लाइटने वाढेल का? कर्व्ह स्क्रीन घेतली तर कडेच्या नजरेला मदत होईल का? मी उत्तर द्यायचे, खुर्ची. तो अंगठा पाठवायचा. दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ.

आणि मग तो कल्याणचा कॉल.

त्याने पासष्ट इंचीच घेतला. बजेटच्या बाहेर जाऊन, बँकेच्या कार्डावर हप्ते करून. संध्याकाळी फोटो आला. दहा बाय चौदाच्या हॉलची एक अख्खी भिंत टीव्हीने खाल्लेली, समोरच्या सोफ्यावर काका हात जोडल्यासारखे बसलेले. खाली लिहिलेलं, बाबा म्हणतात छान दिसतंय. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सुटले.

दोनेक आठवड्यांनी काका फॉलो-अपला आले. नितीनला ऑफिसचा कॉल आला म्हणून तो बाहेर उभा होता. मी सहज विचारलं, काल मॅच बघितलीत? बघितली म्हणाले. शेवटच्या चढाईत कोण कसा पकडला गेला, कितीने हरले, सगळं धडाधड सांगितलं. अगदी कॉमेंट्री ऐकावी तसं. तिथेच मला शंका आली.

मी विचारलं, "जर्सीचे रंग कोणते होते?"

काका टेबलावरचं भिंग उगाच इकडे-तिकडे सरकवायला लागले. कॉमेंटेटर सगळं सांगतो, रंग सांगत नाही.

मग म्हणाले की आधीपेक्षा मोठं आहे, एवढं कळतं. माणसं मोठी झाली, तसा डागही त्यांच्यावरच बसलाय. शिवाय दुपारी तर गॅलरीचा सगळा उजेड काचेवर येतो. मी म्हटलं, मग नितीनला सांगा. ते म्हणाले, एवढ्या हौसेने आणलाय, तुम्हीही सांगू नका.

झालं. म्हणजे एकीकडे मुलगा रोज खुशीचे मेसेज टाकतोय, दुसरीकडे बाप कान लावून कबड्डी ऐकतोय, आणि मधे मी, तोंड बंद ठेवून. पेशंटने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय मी बाहेर सांगू शकत नाही. मला दोघांचाही राग आला होता. एवढं साधं काम. एक खुर्ची सरकवायची.

शेवटी मी होम व्हिजिट ठरवली. आमच्या कामात ती असतेच. घरात उजेड कुठून येतो, पेशंट कुठे बसतो, हे प्रत्यक्ष बघायचं. रविवारी डोंबिवलीला गेले. मॅच चालू होती. नितीनने आधी मला रिमोटवरचे सगळे मोड दाखवले. मी गॅलरीचा पडदा ओढून घेतला. मग जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून टीव्हीपासून चारेक फुटांवर ठेवली आणि काकांना बसायला सांगितलं.

काका सोफ्यावरून हलले नाहीत.

नितीन म्हणाला, "मॅडम, त्यांना इथूनच दिसतंय. बाबा, छान दिसतंय ना?"

काकांनी मान खाली घातली. स्नेहा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"नाही," काका म्हणाले.

नितीनचा हात रिमोटसकट तसाच राहिला. त्याचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला. "मग इतके दिवस छान दिसतंय का म्हणालात?"

"तू विचारायचास, छान दिसतंय ना. त्याला दुसरं काय उत्तर देणार?"

नितीनने टीव्हीचा आवाज बंद केला. मग काका माझ्याकडे वळून बोलायला लागले, पण सांगत होते त्यालाच. पंच रेषेवर उभा असतो. खेळाडूपेक्षा पंचाची नजर मोठी. त्यांच्या निकालावर गावोगावची पोरं वाद घालायची नाहीत. आता मुलाच्या घरात सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसायचं, सगळ्यांना आपली पाठ दाखवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचं, काकांना काय झालं? त्यापेक्षा आत पडलेलं बरं.

'मुलाच्या घरात' हे ऐकून नितीन उठून गॅलरीत गेला. स्नेहा त्याच्या मागे गेली नाही. तिने काकांना विचारलं, "बाबा, तुम्हाला मॅचमध्ये बघायचं काय असतं?"

मला आश्चर्य वाटलं की हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा पॅनल आणि खुर्चीतच अडकले होते.

काका म्हणाले, पाय. बोनसच्या रेषेपलीकडे पुढचा पाय टेकला तेव्हा मागचा हवेत होता की नाही, तेवढंच. हवेत असला तरच बोनसचा गुण. बाकी सगळं कानाने कळतं.

मग ते स्वतःच उठून त्या खुर्चीवर बसले. मी त्यांना एक युक्ती शिकवली. मॅक्युला गेलेल्या माणसाने नेमकं बघायच्या वस्तूकडे बघायचंच नाही, थोडं वर बघायचं. मग ती वस्तू डागाच्या खाली येते आणि दिसते. म्हटलं, पाय बघायचाय ना, चढाई करणाऱ्याच्या डोक्याकडे बघा. दोन-तीन चढाया तशाच गेल्या. मग ते पुटपुटले, "मागचा टेकलेला होता. बोनस नाही."

पण एवढा मोठा पडदा चार फुटांवरून बघायचा तर मान ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागते. शिवाय मागे बसलेल्यांना खरोखरच काकांची पाठ. तेव्हा स्नेहाने आतून जुना बत्तीस इंची आणला. एक्सचेंजवाला न्यायला यायचा राहिला होता म्हणून तो वाचला. लॅपटॉपचं घडीचं टेबल सोफ्याच्या काकांच्या टोकाला ठेवलं आणि त्यावर तो उभा केला. अंतर जेमतेम अडीच फूट. तिथून तो बत्तीस इंची त्यांना भिंतीवरच्या पासष्टपेक्षा दुप्पट मोठा दिसत होता. केबलचा बॉक्स त्याला जोडला, ब्राइटनेस वाढवला. काका आपल्या नेहमीच्या जागेवर, बाकीचे शेजारी. कुणाला कुणाची पाठ नाही.

नितीन गॅलरीतून आला. एका हॉलमध्ये दोन टीव्ही, दोन्हीवर तीच मॅच. तो म्हणाला, मग हा पासष्ट कशाला घेतला मी? स्नेहाने चहा टाकला. नितीन सोफ्यावर बापाच्या बाजूला येऊन बसला.

आता तिथे एक नवी भानगड झाली आहे, आणि ती मी सोडवणार नाही. मोठ्या टीव्हीवर मॅच इंटरनेटवरून येते, जुन्यावर केबलवरून. इंटरनेटचं चित्र थोडं मागे असतं. त्यामुळे काका निकाल देऊन मोकळे होतात आणि मग नितीनच्या टीव्हीवर चढाई सुरू होते. नितीनची तक्रार आहे की त्यामुळे मजा जाते. काकांचं म्हणणं, पंचाला सगळ्यांच्या आधी दिसायलाच हवं. ते आता मॅचच्या दिवशी आत जाऊन पडत नाहीत. कधीकधी चुकीचाही निकाल देतात, असं स्नेहा म्हणते. नितीन मान्य करून टाकतो.

ह्या प्रकरणातून टीव्हीबद्दल मी एवढंच शिकले की आधी खुर्चीची जागा ठरवावी आणि मग इंच. आणि धंद्यातली गोष्ट म्हणाल तर, पेशंटला 'दिसतंय ना?' असं विचारणं मी बंद केलं आहे. 'काय दिसतंय?' असं विचारते. उत्तर यायला वेळ लागतो आणि बऱ्याचदा ते नातेवाइकांना आवडत नाही.

पासष्ट इंचीचे हप्ते अजून चालू आहेत.