विंडो सरकेपर्यंत

उत्कर्षा मूळची अंबाजोगाईची. हिंजवडीतल्या एका लहान कंपनीत लागली आणि जवळच्या चांदे गावात गोजराबाईंच्या माडीवर भाड्यानं राहू लागली. तिची कंपनी कारखान्यांना प्रोग्राम लिहून द्यायची. २००६ साली पिरंगुटच्या एका रबर कारखान्यातल्या रोलर मशीनचं काम तिच्याकडं आलं. पडद्यावर तापमान, वेग आणि 'थांबवा' असं मोठं बटण. तपशिलाची विंडो मात्र उजवीकडून अलगद सरकत यावी, ही हौस तिची. पहिल्यांदा ती धक्का न खाता सरकली, तेव्हा तिचे वरिष्ठ जनार्दन सर यांनी चार जणांना बोलावून दाखवली होती.

गोजराबाईंचा मुलगा विश्राम नेमका त्याच मशीनवर होता. एका रविवारी दुपारपाळीला निघताना तो पायरीवर बूट चढवत म्हणाला, "ताई, तुमची विंडो लई झ्याक सरकती. पर ती सरकतिया तवर बटण ऐकत न्हाई."

"ऐकत नाही म्हणजे?"

"दाबलं तरी मशीन चालूच. विंडो जाग्यावर आली की मग थांबतं. पाच-सहा आकडे मोजून होत्यात."

"मशीनवर लाल बटण आहे ना, दादा?"

"हाय की, पल्याडच्या अंगाला. आता समदी पडद्यावरचंच दाबत्यात."

तो सहज बोलून गेला. उत्कर्षा माडीवर गेली, लॅपटॉप उघडला आणि आपलंच लिखाण ओळीओळीनं वाचू लागली. विंडो जरा सरकव, थोडं थांब, पुन्हा सरकव, असं तिनं लिहिलं होतं. हे चालू असेपर्यंत प्रोग्राम दुसऱ्या कशाकडंही बघत नव्हता. तिच्या नव्या कॉम्प्युटरवर सगळं अर्ध्या सेकंदात उरकायचं, म्हणून कुणाला कळलं नाही. कारखान्यातला कॉम्प्युटर जुना. तिथं प्रत्येक पावलाला पडदा नव्यानं काढताना तो धापा टाकत असणार. आणि तेवढा वेळ रोलर फिरत राहणार, कुणाचा हात आत ओढला गेला तरी.

तिनं जनार्दन सरांना फोन केला. "उद्या बघू," ते म्हणाले. "तिकडं काही बोलू नकोस. कंपनीचं नाव जाईल."

खाली गोजराबाई भाकरी थापत होत्या. "जेवून जा की, पोरी," त्या म्हणाल्या. उत्कर्षाला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. लॅपटॉप पाठीवर टाकून तिनं कारखान्याकडं स्कूटी काढली.

नांदे, लवळे ही गावं कधी मागं पडली, तिला कळलं नाही. समोरून एक रुग्णवाहिका आली, तशी ती गाडी कडेला घेऊन उभीच राहिली. आत कोण असेल, हे विचारायला कुणी नव्हतं. मग पुढं जायचीही भीती वाटू लागली, तरी ती गेली.

फाटकावर तिनं आधी विश्रामचं नाव विचारलं. तो आत उभा दिसला, दोन्ही हातांनिशी.

"मशीन बंद ठेवा," ती सुपरवायझर वाल्मीकना म्हणाली. "प्रोग्राममध्ये चूक आहे. माझी."

"माल द्यायचा खोळंबलाय, मॅडम."

"रिकामं चालवून दाखवते."

तिनं विंडो उघडली आणि ती सरकत असतानाच 'थांबवा' दाबलं. रोलर फिरत राहिले. वाल्मीकनी तोंडातल्या तोंडात सहापर्यंत मोजलं. मग पलीकडं जाऊन स्वतः लाल बटण दाबून आले. विश्राम आपल्या पंजाकडं बघत राहिला.

त्याच दुपारी तिनं सरकणं काढून टाकलं. विंडो एकदम समोर यायची, पण बटण ऐकायचं. सोमवारी जनार्दन सर खूप बोलले, कामावरून मात्र काढलं नाही. आठवडाभरात तिनं तो भाग नव्यानं लिहिला. आता प्रोग्राम थोड्या थोड्या वेळानं फक्त घड्याळ बघायचा, त्या क्षणी विंडो जिथं असायला हवी तिथं ठेवायचा, आणि मधल्या वेळात बटणासाठी मोकळा राहायचा. जुन्या कॉम्प्युटरवर विंडो थोडी उड्या मारत यायची, पण वेळेत पोचायची. विश्रामनं ती सरकत असताना चाळीसदा बटण दाबून पाहिलं. चाळीसही वेळा मशीन तिथल्या तिथं थांबलं.

तरी पुढं महिनाभर विश्रामची मोटारसायकल अंगणात वाजल्याशिवाय उत्कर्षा जेवायला बसत नसे. गोजराबाईंना तिनं यातलं काही सांगितलं नाही. तेवढं धाडस तिला झालं नाही.