ज्येष्ठतेनुसार दगड

गवंड्याने आपल्या भाऊजींची रॉक गार्डन अकरा वर्षं पाहिली नव्हती आणि त्यावाचून त्याचं काहीही अडलं नव्हतं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, शाळेची एक सहल येऊन गेली होती, कुणा बाईंनी तिच्यावर भाषणसुद्धा केलं होतं. परसात दगड मांडून बसणाऱ्याला लोक कलावंत म्हणतात आणि त्याच दगडाचं घर बांधून देणाऱ्याला काम संपल्यावर मागच्या दाराने जायला सांगतात, हे गवंड्याला तीस वर्षांच्या धंद्यात कळून चुकलं होतं.

तो आला होता तो ताईसाठी. तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. न्हाणीघर-संडास वरच्या मजल्यावर, जिना सतरा पायऱ्यांचा. चढताना ती कठड्याला लोंबकळत चढे, उतरताना एकेका पायरीवर बसत, सरकत येई. गेल्या महिन्यात अर्ध्या जिन्यावरून ती अशीच एकदम खाली आली. पुन्हा पडलात तर खुबा मोडेल आणि मग अंथरूण धराल, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. खाली न्हाणीघर बांधायचं तर जागा एकच, मागचं परस. कारण सांडपाण्याची लाइन मागच्या गल्लीतून जात होती. आणि परसात दगड होते.

मागच्या दाराशी स्टुलावर रजिस्टर ठेवलेलं होतं, त्याला दोरीने पेन बांधलेलं. शेजारी भाऊजी उभे. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून, ज्या पदावर लागला त्याच पदावरून निवृत्त झालेला माणूस.

"नोंद करा मेहुणे. नाव, वेळ, भेटीचं प्रयोजन."

"भाऊजी, मी घरातला आहे."

"मग अभ्यागत म्हणून येऊ नका."

गवंड्याने प्रयोजनाच्या रकान्यात 'संडास' असं लिहिलं आणि आत शिरला.

दगड दीडशेच्या वर असतील. नदीतले, खाणीतले, पाडलेल्या घरांच्या पायातले. काही उभे, काही आडवे, बारीक खडीच्या वाटांच्या दोन्ही बाजूंना रांगेने. मागे खांद्याइतक्या उंचीचा एक काळा धोंडा, त्याच्या पुढ्यात फुटक्या फरश्यांचा चौथरा. बघायला येणारे म्हणे या धोंड्यासमोर बराच वेळ गप्प उभे राहत. गवंड्याला दिसलं ते एवढंच की धोंड्याला पाया नाही आणि तो डावीकडे दोन बोटं कललाय.

"हे संचालक," भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले.

"कोण?"

"संचालक. त्यांच्या उजवीकडे सहसंचालक, ही गारगोटी. डावीकडे उपसंचालक, तांत्रिक. पुढची रांग कार्यकारी अभियंत्यांची. ज्येष्ठतेनुसार."

मग सगळं उलगडत गेलं. दरवर्षी खात्याची ज्येष्ठता यादी निघे. जुना शिपाई तिची प्रत आणून देई आणि भाऊजी तिच्याबरहुकूम दगड हलवत. बढती झाली की दगड एक रांग मागे, संचालकांच्या जवळ. बदली झाली की परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. एक लालसर दगड भिंतीकडे तोंड करून उभा होता. ते साहेब निलंबित होते. निवृत्त झालेले नळाखाली, शेवाळ धरून. वारलेले आडवे.

गवंड्याला आत्ता कुठे बरं वाटलं. म्हाताऱ्याने उभा जन्म ज्यांची बोलणी खाल्ली त्यांना दगड करून ठेवलंय म्हणजे. सूड तरी आहे. माणसात एवढी धुगधुगी असली तर चार शब्द बोलता येतात.

"बरी जिरवलीत एकेकाची," तो म्हणाला.

भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो चपला घालून देवघरात शिरलाय. मग त्यांनी खिशातून फडकं काढलं, संचालकांवरची चिमणीची शीट पुसली आणि चार पावलं पाठ न फिरवता मागे सरकले.

गवंड्याच्या तोंडाची चव गेली. सूड कसला, माणूस अजून ड्युटीवर होता.

"आणि तुम्ही कुठे आहात यात?"

"मी कसा असेन? कारकुनांना दगड नाही. जागा अपुरी आहे."

"ताई?"

"ती खात्यात कुठे होती?"

गवंड्याने टेप काढली. दाराच्या चौकटीपासून गल्लीच्या भिंतीपर्यंत ताणली तर ती नेमकी कार्यकारी अभियंत्यांच्या पोटावरून गेली आणि संचालकांना खेटून थांबली. दुसरीकडून उतार मिळत नव्हता. त्याने दोनदा पाहिलं. "हे सगळं हलवावं लागेल. उद्या सकाळी माणसं लावतो, दुपारपर्यंत मोकळं."

"हलवता येणार नाही."

"पहार आहे माझ्याकडे."

"पहारीचा प्रश्न नाही. सर्वसाधारण बदल्या मे महिन्यात होतात. अधेमधे करता येत नाहीत."

"भाऊजी, तिचा खुबा मोडेल."

"मला का काळजी नाही? पण मी माझ्या अखत्यारीत कुणाला हलवू?" आणि हे तो माणूस इतक्या कळवळून बोलला की गवंड्याला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. लुच्चेपणा असता तर परवडला असता. ह्याला खरंच प्रश्न पडला होता.

ताई मागच्या दारात खुर्चीवर बसून ऐकत होती. ती भावाला म्हणाली, "तू गप्प बस रे. आतून कागद आण एक, कोरा."

मग तिने मांडीवर रजिस्टर घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि न अडखळता लिहायला लागली. छत्तीस वर्षं जेवताना तिने नवऱ्याच्या तोंडून पत्रांचे मसुदेच ऐकले होते. दुसरं काही बोलायला त्याच्याकडे नव्हतं. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. प्रशासकीय कारणास्तव खात्याचं मुख्यालय मागील परसातून पुढील फाटकालगतच्या जागेत तात्काळ प्रभावाने स्थलांतरित करण्यात येत आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

भाऊजींनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. गवंडी वाट बघत होता. आता हा कागद फाडेल, निदान ओरडेल. फाडावा, असं त्याला चक्क वाटायला लागलं होतं.

"फाटकापाशी कचऱ्याचा डबा आहे," भाऊजी म्हणाले.

"अतिरिक्त कार्यभार," ताई म्हणाली.

"रुजू व्हायला सात दिवस मिळतात."

"तात्काळ लिहिलंय. दिसत नाही?"

"यावर जावक क्रमांक नाही."

"तो मी कसा घालणार? जावक तुमच्याकडे आहे ना."

हे खरं होतं. भाऊजींचा चेहरा मोकळा झाला, नव्हे, उजळला. त्यांनी दोरीचं पेन ओढून घेतलं, कोपऱ्यात क्रमांक घातला, खाली तारीख टाकली, रजिस्टरच्या मागच्या पानावर नोंद केली आणि बाह्या सरसावल्या. अकरा वर्षांचा संसार त्यांनी एका कागदावर सोडला. कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, हेही विचारलं नाही. लिहिणारी तर समोर बसली होती.

गवंड्याने आयुष्यात बरीच हलकी माणसं पाहिली होती. सिमेंटात राख घालणारे पाहिले होते, मजुराची चप्पल चोरणारे पाहिले होते. त्यांनी निदान स्वतःसाठी काहीतरी केलं होतं.

लहान दगड भाऊजींनी एकट्याने नेले, कनिष्ठांपासून सुरुवात करून. निलंबित साहेबांना फाटकापाशीही भिंतीकडेच तोंड करून ठेवलं. ऊन उतरेपर्यंत खडी तेवढी राहिली आणि संचालक. त्यांच्याखाली पहार घालून, दोघांनी मिळून त्यांना जुन्या पोत्यावर आडवं केलं.

"मेहुणे, पुढून तुम्ही ओढा," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "साहेबांच्या पुढे मला चालता येत नाही."

गवंड्याने पोत्याची टोकं मनगटाला गुंडाळली आणि उलट्या पावलांनी तो धोंडा घराच्या बाजूने पुढे खेचत नेला. मागून भाऊजी ढकलत होते आणि प्रत्येक हिसक्याला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. गवंड्याला नव्हे, दगडाला.

परत येऊन त्याने परसात दोरी लावली आणि तिच्या कडेने चुन्याची फक्की सोडली. ताई खुर्चीवरून बघत होती.

"नळ उजवीकडे घे," ती म्हणाली. "आणि डाव्या हाताला धरायला दांडी लाव, जाड. फरशी खरखरीत आण, उगाच चकचकीत नको."

"किती उंच लावू दांडी?"

ती कशीबशी उठली, फक्कीच्या रेघेच्या आत येऊन उभी राहिली आणि हवेत हात धरून म्हणाली, "एवढी."

त्याने तिच्या मुठीपाशी टेप लावली.