मामांच्या वाटच्या जिलब्या

खाण्यापुढे माझा संयम टिकत नाही आणि उठल्यावर अपराधी वाटत राहते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किकवी गावच्या एका लग्नात पंगतीला शेजारी नवरीचे मामा बसले होते. कोट दुसऱ्याचा वाटावा इतका ढगळ. भाताचा लहानसा घास ते डोळे मिटून चावत होते.

"अल्सरपायी अर्धं पोट कापलंय," ते हसून म्हणाले. "अंग उतरलं, साखरेचा आजारबी पळाला. पडसं तेवढं सारखं धरतं. आन् गोड खाल्लं की दरदरून घाम फुटतो, छाती धडधडती."

तेवढ्यात नवऱ्याचे वडील जिलब्यांची परात घेऊन आले. "मामा, आज न्हाई म्हनायचं न्हाई!"

पानात टाकाव्यात तर व्याही रुसणार, भाचीला ऐकून घ्यावे लागणार. मामांनी माझ्याकडे पाहिले. व्याह्यांची पाठ वळताच मी त्यांच्या पानातल्या जिलब्या उचलल्या.

"कुरकुरीत हायत का? पाक मुरलाय?" मामा विचारत होते. मी सांगेन तसे ते मान डोलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी निर्धास्त मनाने खात होतो.

रिकामे पान पाहून खूश झालेल्या व्याह्यांनी पुन्हा वाढले. मामांनी तृप्तीचा ढेकर दिला आणि ते माझ्या कानाशी लागले, "सरसावून बसा पावनं, माजं पोट अजून भरलं न्हाई."