कानमास्तरांची जॉबकार्डं

त्यांना सगळे कानमास्तर म्हणत, आणि हे नाव त्यांनी कमावलेलं होतं. डोंगरावर जाणाऱ्या त्या चार जाड चाकांच्या, हँडलवाल्या एटीव्ही गाड्या दुरुस्त करणारे आसपास आणखी दोघं होते. पण ते आधी इंजिन उघडायचे आणि मग विचार करायचे. मास्तर आधी ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मग म्हणायचे, "बेअरिंग गेलंय." आणि ते गेलेलंच असायचं. तीस वर्षं हे असं चाललं होतं. आता साठीला टेकल्यावर मात्र सकाळी शटर वर करतानाच त्यांची पाठ धरायची आणि दिवस कधी संपतो असं व्हायचं.

त्यात बायको आठ दिवस बहिणीकडे गेलेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वर्कशॉपचं टेबल तीच सांभाळायची. गाडी आली की गिऱ्हाइकाशी बोलायची, जॉबकार्ड लिहायची आणि दोऱ्याने हँडलला बांधायची. मास्तर कार्डावर नजर टाकून कामाला लागायचे. ती नसताना त्यांनी कार्डावर गाडीचा नंबर तेवढा लिहिला. आणखी काय लिहायचं असतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

सोमवारी सिस्टर आल्या. वरच्या वस्त्यांवर लसी टोचायला जाणाऱ्या या परिचारिका. गाडीच्या मागे लसींचा निळा डबा पट्ट्याने आवळलेला.

"मास्तर, सकाळी चालू केली की आवाज येतो. आणि उतरताना."

मास्तरांनी ऐकलं. नेहमीची घरघर होती. "काही नाही हो. इंजिन म्हातारं होतंय, आपल्यासारखं."

"आपल्यासारखं काय? मी पस्तिशीची आहे!"

दोघं हसले आणि सिस्टर गेल्या. बुधवारी परत आल्या. मास्तरांनी ऑइल बदललं, प्लग बदलला, एक चक्कर मारून आले आणि गाडी एकदम ठणठणीत आहे म्हणाले. सिस्टर जरा घुटमळल्या, पण मास्तरांच्या शब्दापुढे काय बोलणार?

शुक्रवारी गाडी तिसऱ्यांदा दारात. सिस्टर लसींचा डबा समोरच्या औषधाच्या दुकानात, फ्रिजमध्ये ठेवायला गेल्या. मास्तर वैतागले होते. हिला भास होतात, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा. इंजिन चालू ठेवून ते स्क्रू ड्रायव्हर लावून बसले होते, तेवढ्यात बायको दारात उभी राहिली. बॅग अजून खांद्यावरच होती.

"अहो, बंद करा ते आधी! केवढी करकर!"

मास्तरांनी इंजिन बंद केलं. "कसली करकर?"

बायकोचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला चेहरा बघूनच मास्तरांना कळायला लागलं. ते उठले. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली जुनी कार्डं त्यांनी काढली आणि एकेक वाचत गेले. 'थंड असताना डावीकडून शिट्टीसारखा.' 'वळताना मागच्या चाकात करकर.' सगळं तिच्या अक्षरात, तिच्या कानांनी ऐकलेलं. डोळे मिटून ते जे ऐकत होते, ते आधी इथे वाचलेलं असायचं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. दाराची बेल वाजायची आणि तुम्ही ढिम्म."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून काय झालं असतं? शटर ओढून घरात बसला असतात."

खरंच बसले असते. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकवा आला. ते तिथल्याच एका टायरवर बसले. बायकोने बॅग खाली ठेवली आणि इंजिन चालू केलं.

"रेस केल्यावर वाढतो?" मास्तरांनी खालूनच विचारलं.

"नाही. सोडल्यावर वाढतो."

"टोकटोक, की घासल्यासारखा?"

"घासल्यासारखा. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की कसा फडफडतो, तसा. या बाजूने."

मास्तर उठले. तासाभरात त्यांनी ती बाजू उघडली. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारी पट्टी झिजून पार कागद झाली होती. चेन सुटली असती तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं असतं, आणि तेही उतारावर.

सिस्टर परत आल्या तेव्हा ती पट्टी टेबलावर होती. त्यांनी ती उचलून उलटसुलट पाहिली.

"म्हणजे आवाज होता तर. काल उतरताना खूप वाढला होता हो. मागे एक गरोदर बाई बसवली होती, खालच्या दवाखान्यात न्यायला. थांबावं असं वाटलं. मग म्हटलं, मास्तरांना ऐकू आला नाही म्हणजे नसणारच. मलाच भास होतोय."

बायको लगबगीने पुढे झाली. "सिस्टर, असे आवाज कधी येतात, कधी नाही..."

मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"आवाज पहिल्या दिवसापासून होता, सिस्टर. मला असे आवाज आता ऐकू येत नाहीत. दोन वर्षं ही ऐकतेय आणि नाव मी मिरवतोय."

सिस्टरांनी पट्टी टेबलावर ठेवली. रागावल्या की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"मग यापुढे आवाज आला, तर मी कोणाला विचारायचं?"

"हिला," मास्तर म्हणाले.