जयपूरच्या ताबुताला आमचा पाळणा

जयपूर बघायचं तर थंडीत जा, हे आधीच सांगून टाकते. आम्ही भर जूनमध्ये गेलो, कारण आईचा नवस मोहरमशी बांधलेला होता आणि मोहरम काही आपली सोय बघून येत नाही.

झालं होतं असं. माझा धाकटा भाऊ संदीप बँकेत आहे. बदली होऊन जयपूरला गेला आणि तिथेच वाढलेल्या मुग्धाशी लग्न करून जगतपुऱ्यात फ्लॅट घेऊन बसला. गेल्या मोहरमात त्यांची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली आणि थेट काचेच्या पेटीत गेली. संदीप दवाखान्याबाहेर उभा राहून फोनवर रडत होता, आणि त्याच्या मागून ताशांचा आवाज येत होता. तो आवाज मिरजेत आईने ओळखला. आमच्याकडे ताबूत सगळ्या गावाचे. ते दारावरून जाताना आम्हीही घागरभर पाणी ओततो, गुळाच्या गोड पोळ्या, म्हणजे चोंगे, देतो. आई फोनवरच म्हणाली, "पोर सुखरूप घरी येऊ दे, तिथल्या ताबुताला चांदीचा पाळणा वाहीन."

पोर घरी आली. पण नवस फिटेपर्यंत तिला पाळण्यात घालायचं नाही, असं आईने फर्मान काढलं. पाळणा नाही म्हणून बारसं नाही. वर्ष होत आलं तरी दाखल्यावरचं नाव दाखल्यावरच, घरात सगळ्यांची नुसती चिमी. मुग्धाने मला फोन केला. "ताई, मतलब, पहिला बर्थडे आधी आणि बारसं नंतर? तुम्ही आणा ना आईंना." रडवेली झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी तिकिटं काढली.

मिरजेहून जयपूरला थेट गाडी आहे. दीड दिवस लागतो, पण म्हाताऱ्या माणसाला स्टेशनांवर चढउतार करायला लावण्यापेक्षा बरं. खालचा बर्थ आधीच धरून ठेवा. पाळणा टॉवेलात गुंडाळून पिशवीत होता आणि ती पिशवी आई उशाला घेऊन झोपली. पाळणा दृष्ट लागण्यासारखा होता. तो घडवताना आमच्या सोनाराला भलताच उत्साह आला होता. "काकू, पाळण्यात बाळ नको का?" असं म्हणत त्याने आत एक चांदीचं बाळही बसवून दिलं होतं. गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांचं, गालावर तीटसुद्धा. आई त्यावर बेहद्द खूश.

जयपुरात पहिला दिवस चिमीच्या मागे रांगण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच आमेरला गेलो. उन्हाळ्यात दहाच्या आत किल्ला उरका, नंतर दगड तापतो. येताना कांद्याची कचोरी आणि कुल्हडातली लस्सी. लस्सीवरची साय चमच्याने खायची असते, आणि त्यानंतर दुपारी जेवण मागू नका.

तिसऱ्या दिवशी रामगंज. जुन्या शहरात गाडी नेऊच नका; बडी चौपडपर्यंत मेट्रो आणि पुढे ई-रिक्षा, माणशी वीस रुपयांत काम होतं. मोहरमच्या दिवसांत संध्याकाळी रस्ते बंद होतात, म्हणून सकाळीच गेलो. कोपऱ्याकोपऱ्यावर सरबताची सबील लागलेली, कुणीही या, प्या. आईने दोन ग्लास घेतले.

ज्यांच्याकडे गेलो ते अनीसभाई नगिन्यांचे, म्हणजे रत्नांचे, व्यापारी, संदीपच्या बँकेतले जुने ग्राहक. मोहरम जवळ आला की दुकान मुलावर सोपवतात आणि मोहल्ल्याच्या ताजियाचं कागदकाम स्वतः करतात. मिरजेत आपण ज्याला ताबूत म्हणतो त्यालाच इथे ताजिया म्हणतात. त्यांच्या चौकात तो उभा होता. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि अभ्रक, आणि इंच न् इंच कापकाम. वेली, चांदण्या, कमानी, कमानींच्या आत आणखी कमानी. मी सवयीने आत कुठे मूर्ती, निदान एखादी तसबीर शोधत राहिले. आपल्याला देव म्हटला की त्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. इथे बघायला डोळेच नव्हते. पण ऊन अभ्रकातून आलं आणि ती सगळी वेल पेटल्यासारखी झाली, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. मग संकोच वाटून मी ते सोडले.

आईने मोठ्या हौसेने टॉवेल उलगडला. अनीसभाईंनी पाळणा तळहातावर घेतला आणि डोळ्यांपाशी नेला. त्यांनी बायकोकडे, नसीमभाभींकडे पाहिलं.

"माजी, झूला बहुत ख़ूबसूरत है," ते चाचरत म्हणाले. "मगर हमारे यहाँ सूरत नहीं चढ़ती. इंसान की शक्ल... नहीं रख सकते. आप बुरा न मानें तो बच्चा निकाल देता हूँ, झूला ख़ाली चढ़ा दीजिए."

"खाली?" आईचा हात छातीशी गेला. "रिकामा पाळणा? नको गं बाई!"

आमच्या घरात रिकामा पाळणा कुणी चुकूनही हलवत नाही. लहानपणी त्यावरून मी पाठीत धपाटे खाल्लेत. आणि ही बाई पेटीतून वाचलेल्या नातीसाठी रिकामा पाळणा वाहणार? संदीप "आई, चालतं गं" म्हणायला गेला, तर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बूट शोधायला लागला. मुग्धाचा चेहरा पडला. बाळ ठेवलं तर त्यांना चालणार नाही, काढलं तर आम्हाला. नवस अडला आणि नवसाबरोबर बारसंही. दीड दिवस गाडीत बसून आम्ही हे करायला आलो होतो का, असं मला झालं.

नसीमभाभी आईच्या शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "माजी, हमारे यहाँ झूला ख़ाली इसलिए रहता है कि करबला की जंग में गया इमाम साहब का बच्चा लौटा नहीं. छह महीने का था."

आईने नसीमभाभींचा हात हातात घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "उसका दुःख मेरे को समझता है. पर मेरी वापस आयी ना. मैं खाली कैसे देऊँ?"

अनीसभाई दाढी कुरवाळत राहिले.

मग आईच एकदम सरसावून बसली. "हमारे में बारसे को पहिले बच्चा नहीं रखते. पत्थर रखते हैं. वरवंटा. कपडे में बांधके." वरवंटा म्हणजे काय, हे सांगताना तिने हवेतच चटणी वाटून दाखवली. "उसको नाक ना डोळे. पर पाळणा खाली नहीं. आप भी वैसा कुछ दो."

अनीसभाई आधी हसले आणि मग खरोखरच विचारात पडले. त्यांनी अभ्रकाचा एक पातळ तुकडा घेतला, त्यावर कागद ठेवून दुमडला आणि बारीक कात्री चालवली. घडी उलगडली तेव्हा दोन कळ्या निघाल्या, अगदी एकसारख्या. "कली," ते म्हणाले. "चेहरा नहीं है, मगर ज़िंदा चीज़ है. चलेगी?"

"पळेल," असं आई चक्क मराठीत म्हणाली.

नगिन्यांच्या कानशीने त्यांनी बाळ पाळण्याला जोडणारा सोनाराचा डाग घासून सोडवला आणि चांदीचं बाळ अलगद काढून आईच्या हातात दिलं. नसीमभाभींसाठी आणलेल्या खणाची एक कड मागून घेऊन आईने कळी त्यात गुंडाळली, थेट दुपट्यात बाळ गुंडाळावं तशी. मग कळीसकट पाळणा ताजियाला वाहिला. चिमीला ताजियाखालून नेलं. ती खालून डोकं वर करून बघत होती आणि तोंडाने भुर्र करत होती. मुग्धा भिंतीला टेकून रडत होती, आणि माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

दुसरी कळी नसीमभाभींनी आईच्या ओंजळीत ठेवली. "ये बच्ची के झूले के लिए."

चौथ्या दिवशी बारसं झालं. मुग्धाच्या घरात मिक्सर आहे, वरवंटा नाही, त्यामुळे काम सोपं झालं. आधी कळी पाळण्यात गेली, मग चिमी. नाव ठेवलं गार्गी. नसीमभाभींनी पाठवलेली खीर आणि मुग्धाच्या आईची पुरणपोळी एकाच ताटात होती. जेवून सगळे जिथे जागा मिळेल तिथे लवंडले.

आता मिरजेला येऊनही बरेच दिवस झाले. चांदीचं बाळ आमच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी बसलंय, तिथे त्याला कुणाची हरकत नाही. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर किल्ला पुसट झालाय, लस्सी लख्ख आठवते, आणि परवाचा व्हिडिओ कॉल.

संदीपने फोन पाळण्याकडे वळवला. गार्गी बाहेरून दांडी धरून पहिल्यांदा उभी राहिली होती आणि रिकामा पाळणा गदागदा हलवत होती. मी आईकडे पाहिलंच नाही. आता बसणार ओरडा, संदीपला आणि ओघात मलाही.

आई फोनवर वाकली. "संदीप, कळी आहे ना रे आत?"

"आहे की. उशाशीच आहे."

"मग हलव गं बाई," आई म्हणाली, "हलव."