चौकटबाईंचे चार खाने

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं चौकटबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सपाट जागा दिसली की त्या एक उभी आणि एक आडवी रेघ मारून चार खाने पाडत. फळ्यावर तर पाडतच, पण शिक्षकखोलीच्या टेबलावर, गाडीच्या धुळकट काचेवर, चहा सांडला तर त्या चहातसुद्धा बोटाने. वर आईची दोन जनुकं, बाजूला बापाची दोन, आणि चार खान्यांत चार जोड्या. "झालं. यात न समजण्यासारखं काय आहे?" असं म्हणून हात झटकत.

अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावरचा वर्गही गप्प बसावा. पेपर तपासण्यात त्यांच्याइतकं कडक कुणी नव्हतं. पुस्तकामागे छापलेल्या आदर्श उत्तराशी शब्द जुळला पाहिजे, नाही जुळला तर अर्धा गुण गेला. दोन्ही पालक आजाराचे वाहक असतील तर काय होईल, हा त्यांचा लाडका प्रश्न. उत्तर ठरलेलं : चार अपत्यांपैकी एक आजारी, तीन निरोगी. एका मुलीने एकदा "प्रत्येक वेळी चारात एक शक्यता" असं लिहिलं, तर बाईंनी शेजारी लाल शाईने "नेमकं लिही" असं लिहून अर्धा गुण कापला होता. ती पोरगी माझ्याकडे रडत आली. मी म्हणालो, विज्ञानाच्या भांडणात मला ओढू नकोस.

मी गणिताचा. आमचे तास पाठोपाठ असत. बाई बाहेर पडायच्या, मी आत शिरायचो, त्यांची चौकट पुसायचो आणि त्याच फळ्यासमोर नाणं उडवून संभाव्यता शिकवायचो. संभाव्यता माझ्याकडे, आनुवंशिकता त्यांच्याकडे, मधे घंटा. मुलंही आज्ञाधारक. त्यांनी दोन विषयांच्या दोन वह्या केल्या आणि त्या वह्यांची कधी ओळखसुद्धा करून दिली नाही.

त्या बुधवारी मधल्या सुट्टीत एक माणूस शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायचा, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी तशीच होती. त्याने बायकोचं माहेरचं नाव सांगितलं आणि बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"पैकीच्या पैकी? तिचे यजमान तुम्ही?"

आम्ही दोघेही तिला त्याच नावाने ओळखायचो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, विज्ञानातही पैकीच्या पैकी आणि गणितातही. अशी पोरं विसरत नाहीत माणूस.

तो बसला नाही. उभ्या उभ्याच बोलला. त्यांच्या पहिल्या मुलीला थॅलेसेमिया आहे, सहा वर्षांची आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आता बायकोला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टर म्हणतात, पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्या. ती करणारे मोठे डॉक्टर फक्त शुक्रवारी येतात, आणि या शुक्रवारनंतर त्या तपासणीची मुदत संपते. नाव द्यायचं तर आज दुपारपर्यंत. आणि बायको नको म्हणते.

"घाबरते का?" बाईंनी विचारलं.

"घाबरत नाही, हेच तर. एकदम निवांत आहे. डॉक्टर म्हणाले, चारात एक धोका आहे. ही हसून म्हणाली, हो, माहीत आहे, आमचा तो एक झाला. डॉक्टरांना वाटलं, बाई समजूतदार आहे. कागदावर 'समजावून सांगितले' असं लिहून मोकळे. घरी आल्यावर मला म्हणते, एक होऊन गेलं, आता पुढची तीन चांगलीच होणार, उगाच पोटात सुई कशाला घालून घेऊ? मी काही बोललो की चौकट काढून दाखवते. मी शाळा मधेच सोडलेली. मला आपलं वाटत होतं, मुलगी माझ्यावर गेली म्हणून आजारी, दुसरं तिच्यावर गेलं तर वाचेल. तर त्यालाही ती हसते. म्हणते, तुम्हाला कळत नाही, मला बाईंनी शिकवलंय."

बाईंचा हात टेबलावर होता. तो तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण मला जे कळलं होतं ते त्यांनाही कळलं होतं, आणि अशा वेळी माणसाकडे बघू नये.

"आत्ता कुठे आहे ती?"

"दवाखान्यात. मुलीला रक्त चालू आहे."

बाईंनी पर्स उचलली. मला म्हणाल्या, "तुम्ही चला." विनंती नव्हती ती. माझा पुढचा तास होता, मुख्याध्यापकांना काय सांगायचं हा प्रश्न होता, पण मी निमूट निघालो.

रक्त चढवायची खोली लांबट होती. एका रांगेत खाटा, प्रत्येक खाटेपाशी एक खांब, खांबाला लाल पिशवी आणि शेजारच्या स्टुलावर कुणाची तरी आई. फिनेलचा वास. नर्सने घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, शुक्रवारची यादी एक वाजता वर जाते, आणि इथे गर्दी करू नका. एक वाजायला फारसा वेळ उरला नव्हता.

पैकीच्या पैकी आम्हाला बघून उठायला गेली, पण लेकीचा सुई टोचलेला हात तिच्या मांडीवर होता म्हणून अर्ध्यातच बसली. चेहऱ्यावर शाळेतलंच हसू. मुलगी कानात इअरफोन घालून मोबाइलवर काहीतरी बघत होती. आईने आधी ते इअरफोन नीट बसलेत का ते पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "बाईंपर्यंत गेलात?"

"अगं, तपासणी करायची की नाही ते तू ठरव," बाई म्हणाल्या. "त्यात मी पडत नाही. पण गणित चुकीचं धरून ठरवू नकोस."

"कुठे चुकलं, बाई?"

बाईंनी सवयीने पर्समधून पेन काढलं. केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला उभी रेघ मारली, आडवी मारली. पैकीच्या पैकीने पेन त्यांच्या हातातून हळूच घेतलं आणि चारही खाने भरभर भरून टाकले. वर्गात भरायची तसेच, एकही चूक नाही. मग आजारी जोडीच्या खान्यावर तिने बारीकशी फुली मारली.

"हा खाना गेला. राहिले तीन. तिन्ही चांगले."

अख्खं आयुष्य ज्या हत्याराच्या जोरावर काढलं ते बाईंवरच उलटलं होतं. बाई त्या फुलीकडे बघत राहिल्या. मला राहवलं नाही. मी खिशातून नाणं काढलं.

"हे बघ. एकदा छापा पडला, तर पुढच्या वेळी काटाच पडेल का?"

"नाही, सर. नाण्याला आधीचं आठवत नाही. तुम्हीच सांगायचात."

"मग?"

"पण ते गणित होतं, सर," ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला नाणं खिशात ठेवायचंही सुचेना. "हे विज्ञान आहे."

बाहेर कुठेतरी ढकलगाडीची चाकं करकरत गेली. नवरा एकदा आमच्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होता. मला त्या पोरीचा राग आला, खोटं कशाला सांगू. इतकी हुशार पोरगी, आणि दोन वह्यांमधली भिंत तिला दिसत नव्हती. मग लक्षात आलं की भिंत तिने बांधलेली नाही, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

बाई खाली वाकल्या. त्यांचा तो खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली उतरलेला ऐकला.

"ऐक. हे चार खाने म्हणजे चार मुलं नव्हेत. एकाच मुलाच्या बाबतीत काय काय होऊ शकतं, ते चार प्रकारे मांडलेलं आहे. दुसऱ्या मुलाच्या वेळी चौकट पुन्हा कोरी. खाना भरत नाही, संपत नाही. हिच्या वेळी जेवढा धोका होता, तेवढाच आताही आहे. काडीचाही कमी नाही."

पोरगी ऐकत होती. मान हलवत नव्हती.

"मग मी पेपरात लिहिलं होतं, चार अपत्यांपैकी एक आजारी, तीन निरोगी. त्याला पैकीच्या पैकी का दिलेत?"

हे ती भांडायला म्हणाली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अशा प्रश्नापुढे मी तरी पळून गेलो असतो. आदर्श उत्तर तसं छापलं होतं, पुस्तकच तसं होतं, मंडळाने तसं ठरवलं होतं, ढिगाने कारणं होती आणि सगळी खरी होती. बाईंनी त्यातलं एकही काढलं नाही.

"कारण ते चूक आहे हे मला दिसलं नाही. मलाही असंच शिकवलं होतं, आणि मलाही त्याला पूर्ण गुण मिळाले होते. तुझ्या वर्गात एकीने बरोबर लिहिलं होतं, तर मी तिचा अर्धा गुण कापला."

लाल शाईच्या टिंबावरूनही न हटणारी ही बाई आपल्या एका विद्यार्थिनीपुढे, चार अनोळखी आयांच्या देखत उभी राहून असं बोलेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जितका आदर वाटला तितका त्यांच्या शिकवण्याबद्दल कधी वाटला नव्हता.

पोरीने केसपेपर उचलला. फुली मारलेल्या खान्यावर अंगठा ठेवला. लेकीच्या इअरफोनमधून कार्टूनचं बारीक संगीत येत होतं.

"बाई, मी हिला एक गोष्ट सांगितली होती," ती शेवटी म्हणाली. "ही सुईला फार रडायची. शीरच सापडायची नाही, दोन दोनदा टोचायचे. तेव्हा मी तिला सांगितलं, तू तुझ्या भावंडांच्या वाट्याचं दुखणं घेतलंस म्हणून ती आता बरी असणार. तेव्हापासून रडत नाही. हात स्वतःच पुढे करते." मग लेकीला ऐकू येत नसतानाही तिने आवाज आणखी खाली आणला. "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर हिने सोसलं ते कुणाच्याच वाट्याचं नव्हतं."

नवऱ्याने तोंड फिरवलं. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

मला वाटलं, आता बाई काहीतरी गोड बोलतील. कुणीही बोललं असतं, मीसुद्धा.

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "तिचं तिनेच सोसलं. दुसऱ्या कुणाचं काही फिटलं नाही त्यातून."

पोरीचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत, कारण एक हात लेकीच्या हाताखाली होता आणि दुसऱ्यात कागद. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला पाच-सात मिनिटं होती. नर्स दारातून डोकावून गेली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, ऊठ, बये, ऊठ. तपासणीत काय निघेल, निघालं तर पुढे काय, हे सगळं नंतर. पण ऊठ.

ती उठली. मुलीचा हात तिने उचलून बाईंच्या हातात दिला, "मनगट असंच सरळ धरा, वाकलं की थेंब थांबतात" असं सांगितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, नाव देऊ." दारापर्यंत ती चालली, पुढे व्हरांड्यात तिची पावलं धावल्यासारखी वाजली.

बाई स्टुलावर बसल्या. तो इवलासा हात त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. श्वास घेतला तरी वाकेल, अशा भीतीने बसल्या होत्या. मुलीने एका कानातला इअरफोन काढला.

"आई कुठे गेली?"

"बाळाबद्दल विचारायला."

"बाळाला पण रक्त लावणार?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई थेंबांकडे बघत होत्या.

"माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या.

मुलीने थोडा विचार केला, मग तो इअरफोन बाईंच्या कानात घातला आणि मोबाइल दोघींना दिसेल असा मधे धरला.